भांडायला माणूस पाहिजे

सरकारी काम ठेक्यावर गेलं की मुंबई-पुण्याकडे लोक दचकतात. अग्रलेख येतात, परिसंवाद भरतात, निवृत्त सचिव चॅनेलवर येऊन हळहळतात. वऱ्हाडात तेवढी हळहळ होत नाही. आमच्याकडे कामंच काय, अख्खा प्रांत ठेक्यावर जाऊन आलेला आहे, आणि तोही एकदा नव्हे.

निजामाच्या अमलात वऱ्हाडचा सारा गोळा करायचं काम इजाऱ्यानं जाई. जो जास्त बोली लावील त्याचा मुलूख. दिवाण चंदुलालच्या काळात पूरणमल नावाच्या हैदराबादी सावकाराकडे वऱ्हाडचा मोठा भाग होता. १८३९ साली इंग्रज रेसिडेंटच्या दबावानं तो गेला आणि पेस्तनजी हे पारशी पेढीवाले आले. हे मूळचे कापसाचे व्यापारी. वऱ्हाडचा कापूस मुंबईला पाठवणाऱ्या पहिल्या मंडळींपैकी. त्यांनी निजाम सरकारला कर्ज दिलं, सरकारला ते फेडता येईना, म्हणून सरकारनं वसुलीसाठी वऱ्हाडचे जिल्हेच त्यांच्या नावे लावून दिले. १८४५ साली जिल्हे काढून घेतले. येणं मात्र राहिलं ते राहिलंच. ठेकेदाराचं बिल अडकवण्याची चाल आजकालच्या साहेबांनी शोधून काढली असं ज्यांना वाटतं, त्यांनी जरा इतिहास वाचावा.

त्या काळच्या तालुकदारांची, म्हणजे असा इजारा घेणाऱ्यांची, एक कथा सांगतात. बोली जिंकून एक तालुकदार हैदराबादेहून निघाला तो हत्तीवर उलटा बसून, तोंड शेपटीकडे करून. लोकांनी विचारलं, हे काय? तर म्हणाला, माझ्यापेक्षा जास्त बोली लावणारा मागून येतोय का, ते पाहतोय. दर अकरा महिन्यांनी ऑर्डर संपणाऱ्या आजच्या कंत्राटी पोराला हा तालुकदार सख्खा काका वाटेल.

पुढे १८५३ साली निजामाकडे हैदराबाद कंटिन्जंट फौजेचा खर्च थकला, म्हणून वऱ्हाड प्रांत इंग्रजांच्या ताब्यात गेला. १९०२ साली लॉर्ड कर्झननं त्याचा कायमचा पट्टाच करून घेतला, वर्षाला २५ लाख रुपयांवर. अख्ख्या वऱ्हाडाचं वर्षाचं भाडं २५ लाख! आज अमरावतीत राजापेठेत तेवढ्यात धड फ्लॅट मिळायचा नाही, लिफ्टवाला तर सोडाच.

तर अशा या मुलखात ६ सप्टेंबर २०२३ चा शासन निर्णय येऊन पोचला. सरकारी आणि निमसरकारी कचेऱ्यांनी बाहेरून माणसं घ्यायची ती नऊ ठरलेल्या एजन्सींमार्फत, असा तो निर्णय. त्यात माणसांचे वर्गही पाडलेले: अतिकुशल, कुशल, अर्धकुशल आणि अकुशल. राज्यभर गदारोळ झाला आणि २० ऑक्टोबरला देवेंद्र फडणवीसांनी निर्णय रद्द केल्याचं जाहीर केलं. वर, कंत्राटी भरती हे मुळात आधीच्या सरकारांचंच पाप असल्याचंही सांगितलं. आधीच्या सरकारवाल्यांनी ते पाप लगेच परत पाठवलं. आमच्याकडे चहाच्या टपरीवर चर्चा झाली ती वेगळ्याच मुद्द्यावर: चार वर्ग पाडले ते ठीक, पण साहेब लोकांना यातल्या कोणत्या वर्गात बसवायचं? एकमत झालं नाही.

निर्णय गेला. पोरं मात्र होती तिथंच राहिली, कारण ती त्या निर्णयानं आलीच नव्हती. ती त्याच्या किती तरी आधी आली होती. कोणी डेटा एन्ट्रीच्या टेंडरमध्ये आलं, कोणी स्कॅनिंगच्या, कोणी 'मनुष्यबळ पुरवठा' या भारदस्त नावाखाली.

आता काकाजींकडे वळतो. हे आमच्या नात्यातले, दर्यापूरकडचे. खारपाणपट्ट्यातली जमीन, त्यामुळे गोड पाण्याची आणि गोड बोलण्याची सवय नाही. त्यांची प्रकरणं बरीच आहेत: बियाण्याचं एक, बांधाचं एक, पांधणीचं एक, नातवाच्या मोटारसायकलच्या विम्याचं एक, झालंच तर विजेच्या बिलाचं एक. त्यामुळे त्यांच्यासोबत मी नेमका कोणत्या कचेरीत उभा होतो, कोणत्या आयोगाच्या की कोणत्या न्यायाधिकरणाच्या, अमरावतीला की अकोल्याला, हे या लेखावरून कोणालाही कळणार नाही. मी कळू देणार नाही. काकाजींना अजून तिथं जायचं आहे.

दाद मागायच्या कचेरीत पूर्वी कसं असे? खिडकीमागे एक बाबू असे. पान खाल्लेला, चष्मा नाकावर, मान खाली. काकाजी जात, नमस्कार करत, प्रकरणाचं विचारत. बाबू म्हणे, "पुढच्या हप्त्यात या." की काकाजींचा आवाज चढे. बाहेर चौकात ऐकू जाईल इतका चढे. बाबूचाही चढे. शेजारच्या टेबलावरचा दुसरा बाबू उठून मधे पडे, "बसा काकाजी, बसा." शिपाई पाणी आणे. काकाजी अर्धं पाणी पीत, अर्धं भांडत. मग चहा येई. चहासोबत बाबू विचारी, "तुमी दर्यापूरचे म्हणजे कोनाचे?" नात्याचा एखादा धागा सापडेच, वऱ्हाडात तो कुठंही सापडतो. आणि मग त्या धाग्याला धरून फाईल वर येई. हा सगळा विधी होता. त्यात वेळ जाई, रक्तदाब वाढे, पण काम पुढं सरके आणि मुख्य म्हणजे काकाजी घरी येत ते जिंकून आल्यासारखे.

आता खिडकीमागे एक पोरगा आहे. तिशीच्या आतला, स्वच्छ शर्ट, गळ्यात ओळखपत्राची निळी दोरी, नम्र. हा नम्रपणाच घात करतो.

"काहून बाप्पा, माह्या नोटीसीचं काय झालं?" काकाजींनी सुरुवात केली, नेहमीच्या पट्टीत.

"काकाजी, नोटीस त तयार हाये. पन ते काढाचं काम स्कॅनिंगवाल्याइचं हाये."

"मंग सांग त्याइले."

"ते दुसऱ्या एजन्सीचे हायेत. माह्यं आयकत नाईत."

"मंग बाबूले बोलाव."

"बाबूची पोस्ट खाली हाये. त्याच्या जागी मीच हावो."

"मंग तूच कर ना!"

"मले आयडी नाई देल्ला काकाजी. आयडी पर्मनंटवाल्यालेच भेटते."

काकाजींनी श्वास घेतला. पुढची ओळ ते गेली चाळीस वर्षं म्हणत आले आहेत: तुझ्या वरच्याकडे तक्रार करतो. ती त्यांनी म्हटली. पोरगा एकदम खुलला. "करा काकाजी! खरंच करा. माह्या सुपरवायझर पुन्याले बसते. तीन महिन्यापासून फोन नाई उचलून राह्यला. तुमचा उचलला त माह्या पगाराचंही इचारजा."

मी काकाजींचा चेहरा पाहिला. चाळीस वर्षांत पहिल्यांदा त्यांना भांडता आलं नाही. भांडायला समोर माणूस होता, पण त्याच्याकडे भांडणासाठी लागतं ते काहीच नव्हतं: अधिकार नाही, दोष नाही, माजही नाही. पाण्याचा ग्लाससुद्धा आला नाही. शिपायाची पोस्ट गेली आणि त्याच्या जागी आलेल्या कूलरचा मेंटेनन्सचा ठेका संपलेला होता.

ठेक्यावर काम देण्याला माझा सरसकट विरोध नाही. पासपोर्टच्या केंद्रात जा. पहिल्या खिडकीवर, जिला ए काउंटर म्हणतात, टाटा कन्सल्टन्सीचा माणूस बसतो. कागद पाहतो, फोटो काढतो, बोटांचे ठसे घेतो. पुढं बी आणि सी काउंटरवर सरकारी माणूस असतो आणि द्यायचं की नाही ते तो ठरवतो. २००८ साली हा करार झाला, तेव्हा लोकांनी नाकं मुरडली होती. आता तिथून बाहेर येणारा माणूस तासाभरात कसा मोकळा झालो ते पाहुण्यांना सांगत असतो. दस्त नोंदणीच्या कचेऱ्यांतही या शतकाच्या सुरुवातीला संगणक आले ते खासगी भागीदारांच्या पैशानं. त्यांनी यंत्रं आणली, पानं स्कॅन केली आणि पानामागे २० रुपये हाताळणी शुल्क म्हणून ते तुमच्या-आमच्याकडून वसूल झाले. महाग वाटलं, पण दस्त हरवायचे थांबले.

न्याय मागायच्या जागी मात्र गोष्ट वेगळी आहे, कारण तिथं कागद घेणं हाच निम्मा न्याय असतो. ग्राहक आयोगात तक्रार करायला घटनेपासून दोन वर्षांची मुदत असते. माहितीच्या अधिकारात दुसरं अपील ९० दिवसांत करावं लागतं. ही सगळी मुदत मोजायची कशावरून? आवकच्या शिक्क्यावरून. त्या शिक्क्याची तारीख फिरवणारा हात कोणाचा, हा प्रश्न वकिलाच्या फीपेक्षा मोठा आहे. साहेब निकाल देतात हे खरं, पण साहेबांपर्यंत तुमचा कागद वेळेत पोचला की नाही हा निकाल खिडकीवर आधीच लागलेला असतो, आणि त्यावर अपील नसतं.

बरं, कायद्यानं घाई केलेली नाही असंही नाही. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात लिहून ठेवलं आहे की समोरच्या पक्षाला नोटीस मिळाल्यापासून तक्रार तीन महिन्यांत निकाली काढायचा प्रयत्न करावा, प्रयोगशाळेत तपासणी लागली तर पाच महिन्यांत. सोयाबीनही साधारण तेवढ्याच दिवसांत निघतं. कायदा करणारा माणूस वऱ्हाडचाच असावा असा काकाजींचा अंदाज आहे. बियाणं घेणारा शेतकरी हा ग्राहकच, असं सर्वोच्च न्यायालयानं २०१२ साली सांगून ठेवल्यापासून अशा तक्रारी आयोगाकडे जातातही. पण पेरलेलं सोयाबीन उगवलं नाही म्हणून केलेली तक्रार तीन महिन्यांत उगवेल असं धरून चालणं हे दुबार पेरणीपेक्षा धाडसाचं आहे.

राज्य सरकारचाही एक कायदा आहे, २००५ चा. बदल्यांचा आणि दफ्तर दिरंगाईचा. त्यात दोन गोष्टी आहेत. सरकारी कर्मचाऱ्याला एका जागी साधारण तीन वर्षं, आणि कोणत्याही सरकारी कर्मचाऱ्याकडे फाईल सर्वसाधारणपणे सात कामकाजाच्या दिवसांपेक्षा जास्त अडकून राहू नये. आता गंमत बघा. एजन्सीचा पोरगा सरकारी कर्मचारी नाही. म्हणजे फाईल सात दिवसांपेक्षा जास्त साहेबांच्या टेबलावर राहिली तर नियमभंग; पोराच्या टेबलावर तीच फाईल वर्षभर पडली तरी सरकारी कर्मचाऱ्याकडे ती पडलेलीच नाही! शिवाय त्याला बदलीही नाही. त्या कचेरीत साहेब आले आणि गेले, स्टेनो गेला, एजन्सी बदलल्या, आणि 'तात्पुरता' पोरगा त्याच खुर्चीवर. कोणती फाईल कोणत्या गठ्ठ्यात आहे हे एकट्या त्यालाच माहीत. त्या इमारतीत खऱ्या अर्थानं पर्मनंट असं काही असेल तर तो पोरगा आणि गळकं छत.

१९७० च्या कंत्राटी कामगार कायद्यात काम बारमाही स्वरूपाचं आहे का, हे तपासायला सांगितलेलं होतं; बारमाही कामावर कंत्राटी माणूस ठेवायला सरकार मनाई करू शके. वऱ्हाडात बारमाही काय असतं? मोर्णा नदी उन्हाळ्यात कशी दिसते ते अकोलेकरांना विचारा. इथं बारमाही वाहते ती कचेरीपुढची गर्दी. पण ती टेंडर काढणाऱ्याला दिसत नाही.

ठेकेदारीत वेग नसतो असं मात्र कोणी म्हणू नये, निदान आमच्यापुढे तरी. अमरावती-अकोला रस्ता कित्येक वर्षं असा होता की बसमध्ये झोपलेला माणूस मूर्तिजापूरला जागा होई तो वरच्या बर्थला डोकं आपटून. आधीच्या ठेक्यांत काम अर्धवट पडलेलं होतं. मग जून २०२२ मध्ये एका कंपनीनं लोणी ते माना या टप्प्यात डांबरी काँक्रीटचा सलग ७५ किलोमीटरचा पट्टा १०५ तास ३३ मिनिटांत टाकला. ३ जूनला सकाळी सुरू, ७ जूनला संध्याकाळी पूर्ण. गिनेस बुकात नोंद झाली, कतारचा विक्रम मोडला, नितीन गडकरींनी अभिनंदन केलं. त्या रस्त्यानं आता माणूस अमरावतीहून निघून अकोल्याला गरम भजी खायला वेळेवर पोचतो. काकाजींची नोटीस त्याच रस्त्यानं, त्याच दोन गावांमधे, जायची होती. ती चालत गेली असती तरी एव्हाना तिनं दोनदा येणं-जाणं केलं असतं.

आपणच तेवढे असे आहोत असं समजून कोणी खट्टू होऊ नये. ज्या इंग्रजांनी आपल्याला पट्ट्यानं घेतलं, त्यांनी २०१२ साली आपल्या कोर्टांतले दुभाषे पुरवायचं काम एका खासगी कंपनीला दिलं. कोर्टात आरोपी हजर, न्यायाधीश हजर, दुभाषाचा पत्ता नाही. सुनावण्या पुढं ढकलाव्या लागल्या. कंपनीच्या यादीत नाव घालणं किती सोपं आहे हे दाखवायला एका चेक दुभाषीबाईनं आपल्या पाळीव सशाची दुभाषा म्हणून नोंदणी केली. सशाचं नाव जाजो. नोंदणी झाली! हे प्रकरण थेट पार्लमेंटच्या समितीपुढं निघालं. मी ही हकिकत काकाजींना सांगितली तेव्हा ते हसले नाहीत. गंभीरपणे म्हणाले, "मंग त्याचा पगार कोन उचलत होतं?" प्रशासनाची इतकी नेमकी समज मी कोणत्याही समितीच्या अहवालात पाहिलेली नाही.

काकाजी हार मानणारे नव्हते. एजन्सी कोणती, करार किती वर्षांचा, नोटीस काढायची जबाबदारी कोणाची, हे विचारायला त्यांनी माहितीच्या अधिकारात अर्ज केला. दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावला. कायद्यातले तीस दिवस पूर्ण वापरून उत्तर आलं की सदर माहिती संबंधित संस्थेकडे उपलब्ध असू शकते, आपण तिकडे संपर्क साधावा. संस्था कोणती, हेच तर विचारलं होतं. पहिलं अपील वीस रुपयांचं. त्याच्या पुढं राज्य माहिती आयोग. त्याचं खंडपीठ अमरावतीतच आहे, म्हणजे निदान लांबचं भाडं वाचतं. पण काकाजी तिथं गेले नाहीत. त्यांनी सरळ त्या पोरालाच चहाला नेलं.

टपरीवर गिलावडा मागवला. पोरगा आधी लाजला, मग बोलायला लागला. बीए झालेला, टायपिंग मराठी-इंग्रजी दोन्ही, एमपीएससीच्या दोन पूर्व परीक्षा पास. बाप मजूर. पगार कागदावर एक आणि हातात एक. एजन्सी तिसरी, खुर्ची तीच. पीएफ कापला जातो, कुठं जातो ते माहीत नाही. लग्नाचं जमत नाही, कारण मुलीकडचे विचारतात, "सरकारी हाये का?" आणि खरं उत्तर हो-ही नाही आणि नाही-ही नाही.

काकाजींचा आवाज चढला. बऱ्याच दिवसांनी चढला. "तुह्या पगार बुडवते अन् तू गप? अर्ज कर! ज्याच्या हापिसात तू काम करतं, त्यानं द्यावं लागते पगार, ठेकेदारानं नाई देल्ला त. कायदा हाये!" कायदा खरोखरच तसा आहे, मूळ मालकावर ती जबाबदारी येते. काकाजींना हे कसं माहीत, ते मी विचारलं नाही. इतकी प्रकरणं लढलेल्या माणसाला अर्धा कायदा अनुभवानंच पाठ होतो.

अर्ज तिथंच लिहायला घेतला. काकाजी सांगत गेले, पोरगा लिहीत गेला. अक्षर मोत्यासारखं. 'महोदय, उपरोक्त विषयान्वये' पासून 'आपला विश्वासू' पर्यंत एकही खाडाखोड नाही. रोज दुसऱ्यांचे अर्ज वाचून हात बसलेला. काकाजींनी अर्ज वाचला, मान हलवली आणि म्हणाले, "चाल आता, आवकले टाकू."

आम्ही तिघं परत कचेरीत गेलो. पोरगा आत गेला, खिडकीमागे बसला, निळी दोरी सारखी केली. काकाजींनी खिडकीतून त्याचाच अर्ज त्याला दिला. त्यानं तो हातात घेतला, उलटून पाहिला आणि सवयीनं म्हणाला, "काकाजी, याले दोन झेरॉक्स लागतीन."

"बरं. अन् पोच?"

"पोच पुढच्या महिन्यात भेटन."

"काहून?"

"एक तारखेपासून एजन्सी बदलून राह्यली ना. नवीन एजन्सीचा मानूस देईन."

"कोन मानूस?"

"मीच," पोरगा म्हणाला.